निकालानंतरची बेचाळीस मिनिटं

जून लागला की आमच्या दुकानात चेहरे येऊ लागतात. काही पेन ड्राइव्हमधून, काही व्हॉट्सअ‍ॅपवरून, काही पासपोर्ट फोटोच्या कोपऱ्यात स्टेपलरची पिन तशीच घेऊन. मी लातूरला फ्लेक्स छापणाऱ्या एका दुकानात डिझाइनचं काम करते. मेडिकलच्या परीक्षेचा निकाल लागला की सगळ्या क्लासवाल्यांना एकाच दिवशी एकच गोष्ट हवी असते. मधोमध पोरापोरींची तोंडं, खाली मार्क, वर सरांचा हात जोडलेला फोटो. सरांचा फोटो पोरांपेक्षा मोठा. मी मुरमं पुसते, डोळ्यांखालचं काळं पुसते. दोन वर्षं धड न झोपलेली पोरं माझ्या स्क्रीनवर दहा मिनिटांत ताजीतवानी होतात. मागे मशीन सर्र सर्र करत फिरतं, शाईचा गोडसर वास कपाळात जाऊन बसतो आणि दुपारपर्यंत मला कुणाला तरी मारावंसं वाटायला लागतं.

यंदा एक तरुण सर आले. इस्त्रीचा शर्ट, गळ्यात ओळखपत्र. खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसले.

"खाली पिवळ्यात मोठं टाका मॅडम. 'पुन्हा बस.' रिपीटर बॅचची जाहिरात आहे."

"पुढं उद्गारचिन्ह?"

"टाका की. जोश येतो."

मी टाकलं. त्यांना माहीत नव्हतं की ते दोन शब्द माझे आहेत. मी सांगितलंही नाही. अक्षरं मोठी केली, पिवळी केली, काळी किनार दिली. सर म्हणाले, "वा." मी उठून मागच्या नळावर गेले आणि मनगटं बराच वेळ पाण्याखाली धरली.

माझं नाव शीतल. घरच्यांनी केलेला हा एकमेव विनोद.

आमचा बँड होता तिघांचा, त्याचं नाव 'उकाडा'. मी गाणी लिहायचे, गायचे आणि बास गिटार वाजवायचे. अझहर गिटारवर. त्याच्या अब्बांचं गंजगोलाईजवळ लाऊडस्पीकर दुरुस्तीचं दुकान, आजोबांपासूनचं. त्या दुकानाच्या मागच्या पत्र्याच्या खोलीत आमची तालीम चालायची. ड्रमवर बालाजी, बिलोलीचा. दिवसा डाळमिलमध्ये मशीन सांभाळायचा. चाळण्यांचा खडखड आवाज आठ तास ऐकून यायचा आणि तोच आमच्या अंगावर काढायचा. आम्हाला पंक संगीत म्हणजे काय ते पुस्तकातून कळलं नव्हतं. तीन सूर येत होते, राग पुष्कळ होता, आणि दाराबाहेर क्लासच्या पोरांच्या सायकलींची रांग होती. तेवढं पुरलं.

पहिला अल्बम 'रिपीटर'. नऊ गाणी, एकाच मुलाची गोष्ट. मेडिकलला नंबर लागत नाही म्हणून पुन्हा पुन्हा परीक्षेला बसणारा मुलगा. खोली, मेस, टेस्ट, निकाल. शेवटच्या गाण्यात वडील, मामा, सर, शेजारी सगळे त्याला एकेक करून सांगतात, पुन्हा बस. 'एक मार्क कमी, एक जन्म जास्त, पुन्हा बस, पुन्हा बस.' ते मी शिवी दिल्यासारखं गायचे. घसा सोलून निघायचा.

ते गाणं इतकं चाललं की आम्हीच घाबरलो. वसतिगृहांच्या गच्च्यांवरून पोरं ओरडू लागली. पुण्यात, नागपुरात कार्यक्रम झाले. आणि मग एक दिवस बालाजी धापा टाकत आला आणि म्हणाला, "चल, दाखवतो." एका क्लासच्या भिंतीवर, जिन्यापाशी, ऑइलपेंटमध्ये रंगवलेलं: पुन्हा बस. शेजारी मुठीचं चित्र. मी शिवी दिली होती आणि त्यांनी ती सुविचार म्हणून भिंतीवर लिहून काढली होती.

त्या वेळी मला वाटत होतं की या सगळ्यात नुकसान झालेली व्यक्ती मी आहे.

'रिपीटर' मधला मुलगा म्हणजे माझा दादा. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं, पण गावात कुणाला सांगावं लागलं नाही. देवणीजवळच्या आमच्या गावात आमचं शेत, आणि घरातला पहिला डॉक्टर होईल म्हणून दादाला लातूरला ठेवलेलं. तीन वेळा बसला. तिसऱ्या निकालाच्या दिवशी तो ओसरीवर बुटाची नाडी सोडत होता आणि बाबा त्याच्याकडे न बघता म्हणाले, "पुन्हा बस." दादानं सोडलेली नाडी पुन्हा बांधली आणि बाहेर निघून गेला. मी तेव्हा दहावीत होते. ती नाडी, तो आवाज, सगळं मी उचललं. त्याला न विचारता.

नंतर दादानं पशुसंवर्धनाचा डिप्लोमा केला. मोटरसायकल घेतली, मागे पेटी बांधली आणि गावोगाव ढोरं बघत फिरू लागला. देवणी गायींवर त्याचा हात चांगला बसला होता. पांढऱ्या अंगावर काळे ठिपके असलेल्या त्या मोठ्या गायी दुसऱ्या माणसाला शिंगावर घेतील, त्याच्यापुढे मान खाली घालत. आजूबाजूच्या गावांत त्याला लोक डॉक्टर म्हणायचे. "डॉक्टर आलाय का बघ." माझं गाणं येईपर्यंत म्हणायचे.

गाणं गाजलं त्या वर्षी मार्चमध्ये चुलतभावाचं लग्न होतं. भर दुपारची वरात, डांबर मऊ झालेलं. डीजेवाल्यानं 'पुन्हा बस' लावलं आणि नवरदेवाच्या मित्रांनी दादाला खांद्यावर उचललं. "ह्योच तो रिपीटर," एकजण माइकवर ओरडला. पन्नास पोरं त्याच्याकडे बोट करून माझे शब्द गाऊ लागली. दादा वर, उन्हात, हसत होता. हसल्याशिवाय खाली उतरवणार नाहीत हे त्याला कळलं असावं. मी मांडवाच्या खांबाला धरून उभी होते. मला पुढे जाता आलं नाही. रागीट म्हणून ओळखली जाणारी मी, पण गाणं संपेपर्यंत खांब सोडला नाही.

नंतर पाण्याच्या टाकीपाशी तो तोंड धूत होता. मी म्हणाले, "दादा, माझं चुकलं."

"गाणं चांगलं हाय तुझं," तो म्हणाला. टॉवेलनं कान पुसला. "पर त्यात मी अजून बसूनच हाय. मी उठून धा वर्षं झाली, शीतल. हितं बायका-पोरं हायत मला. तुझ्या गाण्यात मी कवा उठणार?"

मला वाटतं, दुसऱ्या अल्बमची सुरुवात तिथे झाली.

एप्रिलमध्ये मी अझहर आणि बालाजीला सांगितलं की पुढचा अल्बम निकाल लागल्यावर सुरू होईल. गाणी नाहीत, बेचाळीस मिनिटांचा एकच सलग तुकडा. कोरस नाही. क्लासवाल्याला भिंतीवर लिहिता येईल असं एकही वाक्य नाही. नापास झालेल्या माणसांना शोधून प्रत्येकाला एकच प्रश्न विचारायचा: निकालाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी काय केलंस? त्या उत्तरांवर सगळं उभं राहील. नाव 'निकालानंतर'.

अझहर गिटारची तार आवळत म्हणाला, "बेचाळीस मिनिट कोई ऐकेल का?"

"ऐकतील."

"गुस्से में है तू अभी."

"मी कायमच असते."

"हां, वो तो है," तो म्हणाला आणि कामाला लागला. अझहर असाच. आधी भांडायचा, मग सगळ्यात जास्त राबायचा.

तो उन्हाळा मला अंगाने आठवतो. पत्र्याखाली दुपारी दोन वाजता हाताच्या घामानं तार गंजायची. पंखा लावला की त्याची घरघर रेकॉर्डिंगमध्ये यायची म्हणून बंद. बालाजी मिलमधून यायचा तेव्हा त्याच्या भुवयांवर तुरीची पिवळी भुकटी असायची. अब्बा अधूनमधून दार उघडून आमच्या अ‍ॅम्प्लिफायरला हात लावून बघायचे. "ये शादी का मशीन है बेटा, जंग का नहीं." मग बर्फ घातलेलं सब्जाचं सरबत आत सरकवून दार लावायचे.

सुट्टीच्या दिवशी आम्ही एसटीनं माणसं शोधत फिरलो. बिलोलीत एक बाई, आता नर्स. म्हणाली, "भांडी घासली. घरातली सगळी. घासलेली पुन्हा घासली." नांदेडला मोबाइलची कव्हरं विकणारा एकजण: "केस कापले. न्हाव्याला म्हटलं, वळखू येऊ नये असे काप." उदगीरचा एक शिक्षक म्हणाला, "मामाच्या गावाला धाडलं मला. लोकांनी इचारू नये म्हणून. मामाच्या गावातबी लोकच व्हते की." एक मुलगी म्हणाली, "झोपले. आई मधूनमधून येऊन श्वास बघून जात होती." हे तिनं हसत सांगितलं. परतीच्या एसटीत बालाजीनं गजाला डोकं टेकलं आणि उदगीर सुटेपर्यंत तो खिडकीबाहेर बघत राहिला. तो स्वतः दोनदा बसला होता. हे मला चार वर्षांच्या मैत्रीनंतर त्या बसमध्ये कळलं.

मला वाटायचं, या सगळ्यांचा राग मी गोळा करते आहे. पण रेकॉर्डिंग ऐकायला बसले की त्यात राग कमीच सापडायचा. राग माझाच होता आणि तो मी त्यांच्या आवाजाखाली वाजवत होते. त्या वेळी हे मान्य करायची माझी तयारी नव्हती.

दादाला विचारायला गेले तर त्यानं मान हलवली. "मला इचारू नको. यायचं तर मागं बसून ये."

मी रेकॉर्डर घेऊन मोटरसायकलवर त्याच्या मागे बसले. एका वस्तीवर गाय अडली होती. पहिलटकरीण, गोठ्याच्या कुडाशी आडवी पडलेली, डोळे पांढरे केलेले. दादानं शर्ट काढला, खांद्यापर्यंत साबण लावला आणि हात आत घातला. त्याचा गाल गायीच्या पुठ्ठ्याला टेकलेला. आणि तो बोलत होता. आम्हा कुणाशीच नाही. "हो माय. हो. लाव जोर. मी हाय. घाई न्हाई आपल्याला. हो माय." अर्धा तास तेच. मग वासराच्या पुढच्या पायांना दोरी, मालक आणि त्याची बायको ओढताहेत, आणि एकदम पाणी सांडल्यासारखा आवाज. दादानं काडीनं वासराच्या नाकपुड्या मोकळ्या केल्या. ते शिंकलं.

मी असा आवाज आयुष्यात कुठल्याच वाद्यातून काढला नव्हता. दादाचं ते बोलणं आम्ही जसंच्या तसं छत्तिसाव्या मिनिटाला ठेवलं. खाली फक्त बालाजीचा एक हलका ठोका. मग शिंक, मग शांतता, मग तिघं एकदम. अझहरनं ते पहिल्यांदा ऐकलं आणि हेडफोन काढून ठेवून बाहेर जाऊन उभा राहिला. परत येऊन म्हणाला, "तेरे भाईकू बोल, वो अपन तीनों से अच्छा गाता."

पुण्याहून एका म्युझिक कंपनीच्या माणसाचा फोन आला. त्यानं अर्धंमुर्धं ऐकलं होतं. कोरस कुठे आहे, असं त्यानं तीनदा विचारलं. तिसऱ्यांदा मी फोन बालाजीकडे दिला. बालाजी म्हणाला, "कोरस घरी गेलाय," आणि फोन बंद केला. आम्ही पोट धरून हसलो. त्या उन्हाळ्यातलं तेवढंच हसणं मला आठवतं.

जूनमध्ये नांदेडला कार्यक्रम ठरला, संध्याकाळचा, एका मोठ्या सभागृहात. निकाल लागून दोन दिवस झाले होते. पूर्ण 'निकालानंतर' पहिल्यांदाच लोकांसमोर. मी दादाला बोलावलं. तो एसटी बदलत आला, पांढरा शर्ट घालून, आणि मागून तिसऱ्या रांगेत कडेला बसला. सभागृह क्लासच्या पोरांनी गच्च भरलेलं.

पहिली दहा मिनिटं त्यांनी ऐकलं. भांडी घासणाऱ्या बाईचा आवाज आला तेव्हा कुणीतरी हसलं. पंधराव्या मिनिटाला मागून एक आवाज आला, "पुन्हा बस." मग दुसरा. मग टाळ्यांच्या ठेक्यावर सगळं सभागृह. पुन्हा बस, पुन्हा बस. मी वाजवायची थांबले. माइकवर म्हणाले, "ते गाणं आज नाही." ते आणखी जोरात ओरडले. मी म्हणाले, "ज्यांना तेच ऐकायचंय त्यांनी क्लासच्या भिंतीसमोर जाऊन उभं राहा. तिथं लिहिलेलं आहे." शिट्ट्या. एक पाण्याची बाटली स्टेजवर येऊन पडली. मी आणखी बोलले. इथे लिहू नये असं बोलले. सतरा-अठरा वर्षांच्या पोरांना बोलले.

आणि माझ्या डाव्या बाजूला अझहरनं 'पुन्हा बस'ची सुरुवात वाजवली.

सभागृह दणाणून गेलं. मी त्याच्याकडे बघितलं, त्यानं माझ्याकडे बघितलं नाही. बालाजी दोन वेळा चुकून मग त्याच्यात शिरला. मी तोंड मिटून उभी राहिले. गाणाऱ्याची गरजच नव्हती. पोरं खुर्च्यांवर चढून गळ्याच्या शिरा ताणून माझे शब्द माझ्याच अंगावर टाकत होती, आणि वरातीत उंच धरलेल्या माणसाला कसं वाटत असेल ते मला त्या चार मिनिटांत कळलं.

दिवे लागले तेव्हा मागून तिसऱ्या रांगेतली कडेची खुर्ची रिकामी होती. छत्तिसावं मिनिट आलंच नव्हतं.

टेम्पोत सामान चढवताना मी अझहरला म्हणाले, "माझा भाऊ आला होता."

"पता है."

"त्याचा आवाज पोचला असता. तू नासवलंस."

त्यानं स्पीकर खाली ठेवला. "वो बच्चे हैं, शीतल. परसों रिजल्ट लगा उनका. आधे फेल हैं उसमें. चिल्लाने आए थे, और तू चिल्लाने नहीं दे रही थी. तू उनकोच डाँट रही थी, जैसे सर लोग डाँटते." मग शुद्ध मराठीत, एकेक शब्द वेगळा करत, "त्यांनी तुझं काय घोडं मारलं होतं?"

मी त्याच्याशी सात महिने बोलले नाही. तो अर्धा बरोबर होता, आणि जो माणूस अर्धा बरोबर असतो त्याच्यावरचा राग लवकर जात नाही. आज आम्ही बोलतो. अब्बांच्या दुकानात तो बसतो, कधी लग्नाच्या ऑर्केस्ट्रात वाजवतो. बालाजीनं मिल सोडली, तो हैदराबादला आहे. 'निकालानंतर' नांदेडनंतर आठवड्याभरात मी आणि बालाजीनं इंटरनेटवर टाकलं. फार कुणी ऐकत नाही. जे ऐकतात त्यांतले बरेच पंधराव्या मिनिटाच्या आसपास सोडून देतात, हे मला दिसतं. कुणीतरी खाली लिहिलंय, 'पहिल्यासारखी आग नाही.' त्या माणसाला शोधून काढावं असं मला आजही वाटतं.

त्या जुलैत मी दादाला भेटायला गावी गेले. नांदेडबद्दल काय बोलायचं ते एसटीत घोकत गेले होते. तो अंगणात मोटरसायकलचा प्लग साफ करत होता. वहिनीनं चहा आणून दिला आणि ती आत गेली.

"त्या दिवशी निघून गेलास," मी म्हणाले.

"शेवटची गाडी व्हती." प्लगवर फुंकर मारली. "नंतर ऐकलं मी मोबाइलवर. सगळं. तुझी वहिनीबी ऐकली."

"आणि?"

"बरं हाय." त्यानं प्लग पुसून परत बसवला. "ते वासरू जगलं न्हाई."

मला कळलंच नाही. "कोणतं?"

"तुझ्या गाण्यातलं. शिंकतंय ते. दूध धरलं न्हाई त्यानं. तीन दिवस जात व्हतो मी, बाटलीनं पाजून बघितलं. तिसऱ्या दिवशी गेलं."

"तू मला सांगितलं का नाहीस?"

"तू शिंक घिऊन गेली व्हतीस." त्याच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. "तुला शेवट पायजे व्हता. मला दुसऱ्या दिवशी जायाचं व्हतं."

मी चहाचा कप खाली ठेवला. अंगात ऊन भरावं तसा राग सरसरून वर आला आणि या वेळी त्याला ओतायला समोर क्लासवाला नव्हता, पोरं नव्हती, अझहर नव्हता. दोनदा. मी माझ्या भावाला दोनदा अर्ध्यावर सोडून आले होते, एकदा बसलेला असताना आणि एकदा उठलेला असताना.

"मी ते बदलते," मी म्हणाले. "पुन्हा करते रेकॉर्ड. शेवटी तीन दिवस टाकते."

"काय बी टाकू नको आता. ऱ्हाऊ दे."

त्याचा फोन वाजला. तो दोन वाक्यं बोलला, पेटी उचलली, मागच्या सीटला बांधली. मग पेटी सोडून माझ्या मांडीवर दिली, म्हणजे मी यायचं होतं. पिशवी मी ओसरीवर ठेवली. रेकॉर्डर तिच्यातच राहिला. ढगाळ दुपार होती, सोयाबीन वीतभर वर आलेलं, रस्ता चिखलाचा. तो सगळ्या वाटेत एकदाच बोलला, "नीट धर," पेटीबद्दल.

गाय आजारी नव्हती, गाभण आहे का ते तपासायचं होतं. मालक घरी नव्हता, त्याची म्हातारी आई खुंट्याशी उभी होती. "आलास का डॉक्टर," ती म्हणाली. दादानं हाताला साबण लावला, गायीच्या मागे उभा राहिला आणि माझ्याकडे बघितलं. मी गोठ्याच्या दारात, चपला हातात घेऊन.

"तोंड काय बघायलीस," तो म्हणाला. "शेपटी धर."

मी चपला ठेवल्या, शेणात पाय घातला आणि शेपटी धरली. गायीनं मला एक लाथ हाणली, गुडघ्याच्या खाली, चांगली सणसणीत. मी सोडली नाही.